शाळेसाठी दुर्बीण निवडताना



दिवाळीच्या अथवा नाताळच्या सुट्टीत खेड्यांतील कित्येक शिक्षक मुंबईच्या उपनगरांत आपल्या आप्तेष्टांकडे उतरतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्या ठिकाणी ज्याचा एखादा भाऊ अथवा मेहुणा नाही असा कोकणातील किंवा घाटावरील शिक्षक विरळाच. सोबत शाळेच्या खरेदीची यादी असते : नकाशे, पृथ्वीचा गोल, लोहचुंबक, भिंगे. अलीकडे ह्या यादीत आणखी एका वस्तूची भर पडू लागली आहे, ती म्हणजे दुर्बीण. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी हे दोन ग्रह आकाशात जवळजवळ एकमेकांस चिकटलेले दिसले, २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, आणि वर्गावर्गांतून मुले विचारू लागली की, गुरुजी, हे आपल्याला जवळून केव्हा पाहावयास मिळणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र बहुधा चुकीच्या खोक्यातून आणले जाते.

ते खोके सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यावर शनीचे रंगीत चित्र असते, रंगीबेरंगी तेजोमेघ असतो आणि ठळक अंकांत ‘५२५ पट’ किंवा ‘६७५ पट’ असे छापलेले असते. आत एक बारीक नळी, भिंगे दोन-तीन आणि बोट लागताच हलणारी तिपाई. शाळेने वर्गणी गोळा करून, ग्रामपंचायतीपुढे शब्द टाकून दोन-तीन हजार रुपये उभे केलेले असतात. पहिल्या रात्री सारा गाव शाळेच्या अंगणात जमतो. पहिल्या मुलाला चंद्राचा थरथरणारा तुकडा दिसतो, दुसऱ्याला उजेडाचा एक डाग, तिसऱ्याला काहीच नाही. मागची मुले रेटू लागतात, मोठी माणसे घरोघर जातात, आणि दुर्बीण कपाटात जाते ती जातेच. ह्यात गेलेल्या पैशापेक्षा मोठे नुकसान असे की, त्या गावातील मुलांची समजूत होते की आकाशात पाहण्यासारखे काही नव्हतेच. किंवा आपल्यालाच पाहता आले नाही. ही दुसरी समजूत अधिक वाईट.

असे का होते, ह्याचा हिशेब चौथीच्या मुलालाही करता येईल. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश एका तासात १५ अंश सरकते, म्हणजे ४ मिनिटांत १ अंश. चंद्राचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे. दुर्बीण १०० पट मोठे दाखवीत असेल, तर तिच्यातून आकाशाचा जेमतेम अर्धा अंश एका वेळी दिसतो. त्यात मधोमध आणलेली वस्तू एका मिनिटात बाहेर निघून जाते. शिक्षकाने नेम धरावा, बाजूला व्हावे, मुलाने पुढे यावे, टाचा उंचावून डोळा लावावा, तोवर चंद्र गेलेला असतो. उलट १० पट दाखविणाऱ्या द्विनेत्री दुर्बिणीतून, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहावयाच्या दुर्बिणीतून, साडेसहा अंशांच्या आसपास आकाश दिसते. चंद्र तिच्या पूर्वेकडील कडेला आणून ठेवला, तर पश्चिमेकडील कडेपर्यंत जाण्यास त्यास सुमारे २५ मिनिटे लागतात. प्रत्येकी अर्धे मिनिट धरले तर ४० मुलांचा वर्ग दुर्बिणीस हात न लावता पाहून होतो. शाळेसाठी दुर्बीण घेताना ह्या चाळिसाव्या मुलास काय दिसेल, एवढा एकच प्रश्न विचारावा. दुकानदार पटींची बढाई सांगू लागला, तरी तो सोडू नये.

पटी वाढविणे हे मुळात स्वस्त काम आहे. डोळ्याकडील भिंग, ज्यास नेत्रिका म्हणतात, ते बदलले की पटी वाढतात. महाग असते ते पुढचे मोठे भिंग. कारण प्रकाश गोळा करण्याचे काम ते करते. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटरच्या भिंगाचे क्षेत्रफळ तिच्या सुमारे ५० पट होते. म्हणून नुसत्या डोळ्यास न दिसणारे तारे त्यातून दिसतात. भिंग जेवढ्या मिलिमीटरचे, त्याच्या दुपटीहून अधिक पटी मागितल्या की चित्र केवळ पसरते, त्यात नवे काही दिसत नाही. ५० मिलिमीटरच्या भिंगास १०० पटी ही झाली कमाल मर्यादा, तीही भिंग उत्तम आणि हवा स्थिर असताना. खोक्यावरील ५२५ हा आकडा म्हणजे पाव किलो पिठात पन्नास पोळ्या करण्याचा प्रकार होय. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे २० पटींच्या नळीतून, आणि तिच्या भिंगाचा वापरात असलेला भाग आजच्या ५० मिलिमीटरच्या भिंगापुढे लहानच होता.

द्विनेत्री दुर्बिणीवर ‘७×५०’, ‘८×४०’, ‘१०×५०’ असे अंक असतात. पहिला अंक पटींचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते : ७×५० ची सुमारे ७ मिलिमीटर, ८×४० आणि १०×५० ह्यांची ५. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाची बाहुली फारशी उघडत नाही, आणि उपनगरातील दिव्यांच्या उजेडात तर कोणाचीच पुरती उघडत नाही. तेव्हा ७×५० चा काही प्रकाश वाया जातो. ह्या कारणाने १०×५० ही नव्याने आकाश पाहणाऱ्यास सर्वांत सोयीची. हातात धरून पाहावयाची असेल आणि हात कापत असतील तर ८×४० बरी. २० पटींच्या मोठ्या द्विनेत्री दुर्बिणी मोहात पाडतात, परंतु त्या जड असतात आणि तिपाईवाचून निरुपयोगी ठरतात. कळ फिरवून पटी कमीअधिक करता येणाऱ्या स्वस्त दुर्बिणी तर घेऊच नयेत. त्यांत एकही पट धड दिसत नाही. तांबड्या चकाकीच्या भिंगांनीही भुलू नये. चांगल्या भिंगावरील लेप मंद हिरवट किंवा जांभळट दिसतो.

बऱ्यापैकी १०×५० दुर्बीण आज सर्वसाधारणपणे पाच ते दहा हजार रुपयांच्या घरात येते. खेड्यातील शाळेस ही रक्कम लहान नव्हे. म्हणूनच ती पाहून, तपासून घ्यावी. नुसत्या चित्रावरून मागवू नये, आणि मागवावीच लागली तर परत करण्याची मुदत किती ते आधी विचारावे. तपासणीस कोणतेही उपकरण लागत नाही.

दुर्बीण हातभर अंतरावर उजेडाकडे धरावी. दोन्ही नेत्रिकांत दोन तेजस्वी टिकल्या दिसतील. त्या पूर्ण वाटोळ्या असाव्यात. कडा छाटल्यासारख्या, चौकोनी व करड्या दिसल्या, तर आतील लोलकांची काच हलक्या प्रतीची समजावी. मग दुकानाच्या दारात उभे राहून दूरच्या इमारतीची गच्ची पाहावी. उपनगरांत पाण्याच्या टाक्यांना तोटा नाही. एखाद्या टाकीची आडवी कड पाहावी आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून चार बोटे दूर न्यावी. डाव्या आणि उजव्या वर्तुळांत ती कड एकाच उंचीवर राहिली पाहिजे. एकीत वर आणि दुसरीत खाली दिसली, तर दोन नळ्यांची सांगड बिघडलेली आहे. अशी दुर्बीण पाच मिनिटांत डोके दुखविते, आणि लहान मूल दुखते हे सांगत नाही, ‘दिसले’ म्हणून मोकळे होते. ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची होय. नव्या, मोहोरबंद खोक्यातील दुर्बिणीही तिच्यात नापास होतात, म्हणून एकाच जातीच्या दोन-तीन दुर्बिणी मागून त्यांतून एक निवडण्यास संकोच करू नये.

ज्यांना रात्रीपर्यंत थांबणे शक्य असेल, त्यांनी एखादा तेजस्वी तारा पाहावा. दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी तो टाचणीच्या टोकासारखा दिसावा. कडेला थोडा फिसकटला तरी चालेल. ह्या किमतीत ते होणारच.

आणखी दोन गोष्टी शिक्षकाच्याच ध्यानात येतील, दुकानदाराच्या नव्हे. लहान मुलाच्या दोन डोळ्यांतील अंतर मोठ्या माणसापेक्षा कमी असते, आणि कित्येक मोठ्या दुर्बिणींच्या नळ्या तितक्या जवळ येत नाहीत. शक्य तर घरातील आठ-नऊ वर्षांचे मूल बरोबर न्यावे आणि त्याच्या डोळ्यांवर बसते की नाही ते पाहावे. न बसल्यास पहिली-दुसरीच्या मुलांनी एकाच नळीतून पाहावे. त्यात काही कमीपणा नाही. दुसरी गोष्ट, दोन नळ्यांच्या मधल्या सांध्यास पुढील बाजूस तिपाईचा खिळा बसविण्याची जागा आहे की नाही ते पाहणे. बहुतेक १०×५० मध्ये ती एका लहान टोपणाखाली असते. तेथे एक काटकोनी पट्टी लावली की छायाचित्रकाराच्या साध्या तिपाईवर दुर्बीण बसते. वर काढलेला चाळीस मुलांचा हिशेब ह्या पट्टीवाचून व्यर्थ आहे. हातातील दुर्बिणीत गुरूचे चंद्र नाचतात. तिपाईवरील दुर्बिणीत ते ग्रहाच्या दोन बाजूंस एका ओळीत स्थिर उभे राहतात. तिपाई मिळेपर्यंत कुंपणाची भिंत, खांबाची कड किंवा अंगणातील बाजही कामास येते. बाजेवर उताणे पडून, कोपर टेकवून माथ्यावरचे आकाश फार सुखाने पाहता येते.

आता ही दुर्बीण कोठे उघडावयाची, हा प्रश्न. अंधेरी १९५० मध्ये आणि बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली. त्यापूर्वी ह्या गावांतून वाड्या, भातशेते आणि मिठागरे होती, आणि रात्री काळोखही होता. आज घाटकोपरच्या गच्चीवर उभे राहिल्यास चंद्र, ग्रह, व्याध, अगस्ती, रोहिणी, मृगाचे चार पाय आणि पोटातील बाण एवढी ठळक मंडळी दिसतात. कृत्तिकांचा पुंजका डोळे ताणून शोधावा लागतो. बोरिवलीस किंवा मुलुंडास राष्ट्रीय उद्यानाच्या अंगास तोंड करून उभे राहिले तरी फारसा फरक पडत नाही. कारण शहराचा उजेड धूळ आणि बाष्प ह्यांवरून परतून सबंध आकाशावर पसरलेला असतो. अशा आकाशातही १०×५० दुर्बीण हरत नाही. चंद्रावरील विवरे, गुरूचे चंद्र, कृत्तिकांतील कित्येक तारे, मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ हे सारे ती दाखविते. २०२० च्या डिसेंबरातील ती गुरू-शनीची युती उपनगरांतील गच्च्यांवरूनच असंख्य लोकांनी पाहिली. तेजस्वी वस्तूंना काळोखाची गरज थोडी असते.

परंतु तीच दुर्बीण शहापूर, मुरबाड, जव्हारकडील गावात नेली म्हणजे तिचे मोल वाढते. देवयानी दीर्घिका कार्तिकातील रात्री नुसत्या डोळ्यांनाही पुसट ढगासारखी दिसते. दुर्बिणीत ती लांबट, मध्ये उजळ अशी स्पष्ट होते. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. पुष्य नक्षत्राजवळ धुरकट ठिपका म्हणून जे दिसते, तो ताऱ्यांचा थवा असल्याचे कळते. वृश्चिकाच्या नांगीपासून धनूपर्यंत आकाशगंगेवरून दुर्बीण नुसती सावकाश फिरविली तरी एक रात्र अपुरी पडते. आणि महाराष्ट्रास एक लाभ असा आहे की जो लंडनच्या निरीक्षकास घरबसल्या नाही. वैशाखात रात्री दहाच्या सुमारास चित्रा तारा दक्षिणोत्तर रेषेवर आला की त्याच्या सरळ खाली सुमारे ३६ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन विती जेमतेम न भरता, नरतुरंगातील थोरला तारकागुच्छ असतो. दुर्बिणीत तो कापसाच्या बोंडासारखा मऊ, वाटोळा दिसतो. त्यात लक्षावधी तारे आहेत. दक्षिणेस डोंगर आडवा नसलेले मैदान मात्र हवे. उपनगरातील भावाच्या गच्चीवरून तो हुडकण्याचा यत्न करावा आणि मग गावी येऊन पाहावे; दुर्बीण तीच असून आकाशाने किती भर घातली ते लगेच कळेल. ही भर गावाकडे विनामूल्य आहे. अलीकडे मात्र रस्त्यावरचे नवे पांढरे दिवे वर तोंड करून लावण्याची खोड गावांतही शिरली आहे. शाळेच्या अंगणातील दिव्यास वरून झाकण घालण्याविषयी ग्रामपंचायतीस एक अर्ज करावा. दुर्बिणीपेक्षा तो स्वस्त पडतो.

एक उणीव आधीच सांगून ठेवावी. १०×५० मधून शनीची कडी दिसत नाहीत. त्यासाठी २५ ते ३० पटी आणि स्थिर बैठक हवी. मार्च २०२५ मध्ये कडी पृथ्वीच्या रेषेत आडवी आल्यामुळे मोठ्या दुर्बिणींतूनही ती दिसेनाशी झाली होती. आता ती पुन्हा वर्षागणिक उघडत जातील. मुले कड्यांविषयी विचारणारच. ज्या केंद्रातील चार-पाच शाळा मिळून मोठी रक्कम जमवू शकतील, त्यांनी भिंगाच्या बारीक नळीकडे न जाता आरशाची, सुमारे १५० मिलिमीटर व्यासाची, लाकडी बैठकीवर फिरणारी दुर्बीण घ्यावी. ही बैठक जॉन डॉब्सन ह्यांच्या नावाने ओळखली जाते. ते १९४४ पासून १९६७ पर्यंत सॅन फ्रान्सिस्को येथील रामकृष्ण संप्रदायाच्या मठात होते. टाकाऊ काच, पुठ्ठ्याची नळी आणि लाकडी फळ्या ह्यांतून ते मोठ्या दुर्बिणी बनवीत आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यास आकाश दाखवीत. तिच्यात नाजूक यंत्र कसलेच नसल्यामुळे गावच्या सुतारास ती दुरुस्त करता येते, ही शाळेच्या दृष्टीने मोठी सोय होय.

घेण्यापूर्वी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहून घेणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करीत आहे. मुंबईत, हॅलेचा धूमकेतू १९८५-८६ मध्ये आला त्या सुमारास, खगोल मंडळ स्थापन झाले. त्याचे सभासद बदलापूरपलीकडे वांगणीस रात्रभर आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आले आहेत. अशा एका रात्री चार प्रकारच्या दुर्बिणींस डोळा लावता येतो आणि शंका विचारता येतात. सहल घेऊन वरळीस नेहरू तारांगण पाहण्यास शाळा जातातच. तेथील घुमटाखाली नक्षत्रे ओळखण्याची सवय झाली, तर दुर्बीण कोठे रोखावी हा प्रश्न निम्मा सुटतो. कारण दुर्बिणीआधी आकाश डोळ्यांनी पाठ झाले पाहिजे. शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनी रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा ठिकाणी शाळामास्तरकी करीतच ज्योतिषाचा अभ्यास चालविला आणि १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या व्यवसायबंधूंनी नक्षत्रांस परके मानण्याचे कारण नाही. दोन-तीन महिने वर्गास नुसती नक्षत्रे दाखवावी. त्या अवधीत वर्गणीही जमते.

सूर्याविषयी सांगावयाचे ते अगदी कडक शब्दांत सांगितले पाहिजे. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी डोळा कायमचा जातो, आणि त्या वेळी दुखतही नाही. स्वस्त खोक्यांत कधी कधी नेत्रिकेवर बसविण्याची काळी काच असते. ती उष्णतेने तडकते. मिळताच फोडून पुरून टाकावी. दिवसा दुर्बीण कुलपात ठेवावी. ग्रहण दाखवावयाचे असेल तर पुठ्ठ्यास टाचणीचे भोक पाडून भिंतीवर प्रतिमा पाडावी. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात झाडाच्या पानांतील फटींनी हेच काम जमिनीवर केले होते.

राहता राहिला पावसाळा. कोकणात आणि मुंबईच्या आसपास दुर्बिणीचा खरा शत्रू पडणे-आपटणे नसून बुरशी होय. ओलसर हवेत बंद पिशवीत पडून राहिलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात आणि काच कायमची खाल्ली जाते. जुनी दुर्बीण विकत घेतानाही ती उलटी धरून, उजेडाकडे रोखून हेच तंतू शोधावेत. चामड्याची किंवा कापडी पिशवी ओल धरते. मृगाचा पाऊस पडण्याआधी दुर्बीण पिशवीतून काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या घालून ठेवावी. पुड्या ओलावल्या की तव्यावर मंद आचेने सुकवून पुन्हा घालाव्यात. पावसाळ्यात दर पंधरवड्यास, उघडीप असेल त्या दिवशी, तासभर हवेत ठेवावी. भिंगे रुमालाने किंवा पदराने पुसू नयेत; धूळ मऊ कुंचल्याने झटकावी आणि बोटांचे डाग शक्य तर तसेच राहू द्यावेत. डब्यावर एका जबाबदार शिक्षकाचे नाव लिहावे आणि त्यांची बदली झाल्यास जडसंग्रह वहीत नोंद करून ती दुसऱ्याच्या स्वाधीन करावी. दसऱ्यास शस्त्रपूजेच्या वेळी डबा उघडावा, भिंगे तपासावी, आणि त्याच आठवड्यात आकाश निवळले की उशिरा रात्री पूर्वेस उगवणाऱ्या कृत्तिकांवर दुर्बीण रोखून मुलांकडून तारे मोजून घ्यावेत. नुसत्या डोळ्यांनी किती आणि दुर्बिणीतून किती, हे प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहावे. दोन मुलांचे आकडे सहसा जुळत नाहीत.